चारशे घोडे आणि आमचे मिस्त्री

मिस्त्रींनी हॉर्न वाजवलेला मी कधीच ऐकला नाही. रस्त्यात म्हशी बसलेल्या असोत, समोर बैलगाडी असो, नाहीतर कोणी दोघे मधोमध उभे राहून गप्पा मारत असोत, मिस्त्री गाडी थांबवत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहत आणि वाट मोकळी झाली की निघत. एके काळी त्यांनी बारा वर्षं रेडी बंदरावर खनिजाचे डंपर चालवले होते आणि तेव्हाही ते असेच होते, असं त्यांच्या बरोबरीचे लोक सांगत. त्यांच्या जीपच्या हॉर्नमध्ये तर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं आणि ते त्यांनी काढलं नव्हतं. माझ्या वडिलांनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "हॉर्न वाजवचो लागलो म्हणजे आपण बघूक चुकलो. आपली चूक दुसऱ्याक कित्या ऐकवची?"

वडील सिंधुदुर्गनगरीत सरकारी नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. वडिलांनी एक जुनी आठशे सीसीची पांढरी गाडी घेतली होती. ती घरापेक्षा मिस्त्रींच्या गॅरेजात जास्त असे. गॅरेज म्हणजे महामार्गापासून थोडं आत, काजूच्या झाडांखाली टाकलेले पत्रे. मी एकोणीस वर्षांची असताना एकदा गाडी आणायला एकटीच गेले. आमची गाडी सगळ्यात आत, दोन जीप आणि एका टेम्पोच्या मागे अडकलेली. मिस्त्रींचे हात ग्रीसने भरलेले होते. ते म्हणाले, "काढ भायर. मी बघतंय." मी गाडी उलटी घेऊन एका दमात बाहेर काढली. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"कोणी शिकवल्यान तुका?"

"कोणी नाही. पप्पांकडे बघून शिकले."

"पप्पा तुजे असे चलवनत नाय," ते म्हणाले. "आयतवारी सड्यार ये."

सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, दर रविवारी आमच्या भागातली वीस-पंचवीस गाडीवेडी माणसं जमत. पावसाळा संपून कातळ सुकला की ऑटोक्रॉस सुरू व्हायचं. मोकळ्या जागेवर खुणा मांडून वळणावळणाची वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. कोणाशी टक्कर नाही, कोणाला मागे टाकणं नाही. खुणेला धक्का लागला की दोन सेकंद वाढवायचे. आता नारिंगी शंकू मिळतात. तेव्हा आम्ही डांबराचे रिकामे डबे चुना लावून ठेवत असू.

पहिल्याच दिवशी नावं लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी माझं नाव 'महिला गट' असा वेगळा मथळा टाकून त्याखाली लिहिलं. गटात मी एकटीच होते, म्हणजे बक्षीस मिळाल्यातच जमा. मी खूश होते. मिस्त्रींनी वही स्वतःकडे ओढली, मथळा खोडला आणि माझं नाव सगळ्यांच्या यादीत शेवटी लिहिलं. "घड्याळाक काय कळता, आत कोण बसला हा ता?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी चोवीस जणांत बाविसावी आले. घरी जाताना रडले. दोन वर्षांनी त्याच सड्यावर मी पहिली आले, तेव्हा त्या खोडलेल्या मथळ्याची किंमत मला कळली.

फेरीआधी मिस्त्री चपला काढून सगळी वाट चालत. एकदा नाही, तीनदा. मलाही चालायला लावत. उन्हाने कातळ तापलेला असला तरी सुटका नव्हती. "टायराक जा लागता, ता आधी तुज्या पायाक लागूक व्हया," असं त्यांचं म्हणणं. कुठे खडी सैल आहे, कुठे कातळ गुळगुळीत झालाय, कुठे खळगा आहे, हे सगळं पायांनी पाठ करायचं. तिसऱ्या फेरीला ते मला डोळे मिटून पुढचं वळण सांगायला लावत. लोक हसायचे. मिस्त्रींना लोकांच्या हसण्याचं काही वाटत नसे आणि हळूहळू मलाही वाटेनासं झालं.

कौतुक मात्र त्यांनी तोंडाने कधी केलं नाही. फेरी वाईट झाली की कुठे, काय, कसं चुकलं ते सांगत. चांगली झाली की फक्त म्हणत, "चल, जेवूक जाऊया." मग मी त्यांच्या घरी जेवायची. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं करून ठेवायच्या. मी आलेली दिसली की ओळखायच्या, "म्हणजे आज बरा झाला." हरलेल्या दिवशी मी कधी त्यांच्याकडे जेवले नाही आणि काकींना त्याचा राग होता. "हरल्यार भूक लागणा नाय काय माणसाक?" त्या मिस्त्रींना विचारत.

मी चोवीस वर्षांची असताना मिस्त्रींनी पावसाळ्याचे चार महिने खपून आमच्या गाडीसाठी एक इंजिन बांधलं. भंगारातून, तीन गाड्यांच्या तुकड्यांतून. एकेक वॉशर ते मला दाखवत. त्या वर्षी आम्ही गोव्यातल्या स्पर्धेला जायचं ठरवलं होतं. आणि त्याच पावसाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, चांगला, शिकलेला, हसरा. माझी काही तक्रार नव्हती. वडील म्हणाले, "ते खेळ आता पुरे झाले." मी त्यावरही मान डोलावली. खरं सांगायचं तर मिस्त्रींना सांगायची माझी हिंमत झाली नाही. लग्नाची पत्रिका मी भावाच्या हाती पाठवली.

मिस्त्री आणि काकी लग्नाला आले. मिस्त्रींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. जेवले, वडिलांशी बोलले, माझ्या नवऱ्याशी, प्रसादशी, हात मिळवला. निघताना माझ्या हातात पाकीट देऊन म्हणाले, "इंजिन बसवलंय. सवड झाली की ये."

सवड व्हायला एकवीस वर्षं गेली.

कारणं सगळ्यांची असतात तशीच माझीही होती. नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, पुन्हा नोकरी. दोनदा सिंधुदुर्गनगरीला जाऊनही मी गॅरेजकडे वळले नाही. वडील निवृत्त झाले, क्वार्टर्स सुटलं, मग जायचं कारणही उरलं नाही. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मोठ्या हुद्द्यावर पोचले. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, कोणाला फारसं न विचारता, मी एक स्पोर्ट्स कार घेतली. दोन माणसांची, गडद निळी, चारशे घोड्यांची ताकद असलेली. प्रसाद एकदा माझ्या शेजारी बसला, उतरला आणि म्हणाला, "गाडी छान आहे. मी पुढच्या वेळी बसने येईन."

त्याच हिवाळ्यात कळलं, की आमच्याकडे ऑटोक्रॉस पुन्हा भरणार आहे, रेडीच्या वाटेवर. बंद पडलेल्या खनिजाच्या साठ्याचा सिमेंटचा माळ होता, तिथे. मी नाव दिलं आणि दोन दिवस आधी निघाले.

घाट उतरून वैभववाडीच्या बाजारात शिरले, तेव्हा पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. मासळी घेऊन निघालेले दोघेतिघे थांबले. एकाने वाकून बघितलं आणि सल्ला दिला, "बाई, हिका वाइच उंच करून घेवा." दुसरा म्हणाला, "उंच केल्यान तर मग ती कसली?" दोघांचा त्यावर वाद सुरू झाला आणि मी तिरकी करून गाडी पुढे काढली.

मिस्त्रींच्या घराच्या पाणंदीत तर गाडी शिरलीच नाही. ती रस्त्यावर ठेवून मी चालत गेले. अंगणात काकी कोकम वाळत घालत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि पडवीकडे बोट केलं. मिस्त्री खुर्चीत बसले होते. मी समोर उभी राहिले, तरी त्यांची नजर माझ्यावर येईना. साखरेच्या दुखण्याने त्यांची दृष्टी गेली होती. डाव्या डोळ्याला थोडा उजेड कळत होता, तेवढाच.

"मिस्त्री, मी शुभा."

त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. मग म्हणाले, "रस्त्यार गाडी तुजी थांबली? सहा सिलिंडराची?"

"हो."

"आवाज बरो आसा. चल, दाखव माका."

एकवीस वर्षांबद्दल एक शब्दही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पाणंद उतरले. गाडीभोवती सावकाश फिरले. बॉनेटवरून, दारावरून हात फिरवला, मग वाकून प्रत्येक टायरवर तळवा ठेवला. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, हे त्यांना हातालाच कळलं. आत बसून त्यांनी मला सगळी बटणं समजावून सांगायला लावली. घसरायला लागली की गाडी स्वतःच सावरते, हे ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे तुज्यापेक्षा शाणी आसा."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सरावासाठी मी त्यांना माळावर घेऊन गेले. काकीही रिक्षा करून मागून आल्या. मला वाटलं होतं, मी सुटले की मिस्त्रींना अभिमान वाटेल. पहिल्याच वळणातून निघताना मी जोर दिला आणि गाडी लट्टूसारखी फिरून आलेल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मिस्त्री शेजारच्या सीटवर शांत होते. पुन्हा गेले. या वेळी तीन शंकू उडवले. तिसऱ्यांदा इतकी घाबरून चालवली, की भाजी आणायला निघाल्यासारखं वाटलं. गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. माझ्या वयाच्या बाईने हा उद्योग का करावा, असं मी काहीसं बोलले.

"वयाचा काय नाय ह्यात," मिस्त्री म्हणाले. "तू अजून ती आठशेच चलवतंस. तेव्हा गाडयेत जोर नाय होतो, म्हणान सगळो पाय दाबूचो लागा. आता एवढो जोर दिलेलो आसा. तो सगळो वापरूकच व्हयो, असा कोणी सांगल्यान?"

मला वाटलं होतं, जुना माणूस, ते गाडीची सावरायची सगळी यंत्रणा बंद कर म्हणतील. ते उलटंच म्हणाले, "ती सांभाळता तर सांभाळूक दी. तिच्याशी भांडा नको."

मग त्यांनी माळाबद्दल सांगितलं. याच माळावर त्यांनी बारा वर्षं खनिज ओतलं होतं. त्याला पावसाचं पाणी जावं म्हणून समुद्राच्या बाजूला उतार दिलाय, तो डोळ्यांना दिसत नाही, पण रिकामा डंपर ब्रेक लावला की तिकडे सरकायचा. आणि सिमेंटच्या सांध्यांत खनिजाची लाल पूड अजून बसलेली असणार, तिथे रबर धरत नाही. मी उतरून चपला काढल्या आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालत गेले. उतार पायाला लागला. सांध्यांतून बोट फिरवलं तर लाल झालं. मी परत येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी माझं बोट चाचपून आपल्या अंगठ्याने ती पूड चोळून बघितली. बराच वेळ चोळत राहिले.

रविवारी चांगली गर्दी होती. सगळ्यांचे फोन माझ्या गाडीकडे वळलेले, म्हणून मला आणखीच धडकी भरली. मिस्त्री ताडपत्रीखाली खुर्चीत, शेजारी काकी. पहिल्या फेरीत मी दोन शंकू पाडले. दुसरी फेरी नीट झाली, पण हळू. सावंतवाडीचा आंतोन बेकरीवाला त्याच्या वीस वर्षं जुन्या छोट्या गाडीतून माझ्या पाच सेकंद पुढे होता. तिसऱ्या फेरीआधी मी मिस्त्रींजवळ गेले.

"चौथ्या वळणार पाय उचललंस आणि परत ठेवलंस," ते म्हणाले. सगळं आवाजावरून. "कोणाक भियालंस?"

"उताराला."

"उतार तुजो वैरी नाय. तो तुका भायर न्हेता, तर तू आधीच आत ऱ्हव."

तिसरी फेरी मला नीट आठवत नाही. चौथ्या वळणाआधी मी आतल्या बाजूला सरकले आणि उताराने गाडी अलगद बाहेर, जिथे हवी होती तिथेच नेऊन ठेवली, एवढं आठवतं. लाल पूड चाकांखाली आली नाही. एकही शंकू पडला नाही. आंतोन पहिला, मी दुसरी. मध्ये सेकंदाचंही अंतर नव्हतं. आंतोनने येऊन हात मिळवला आणि माझ्या गाडीत बसू का, असं विचारलं. मी मिस्त्रींकडे गेले. ते काकींचा हात धरून उठत होते.

"चल," ते म्हणाले, "जेवूक जाऊया."

गाडीत दोनच जागा. काकी रिक्षाने पुढे गेल्या आणि मिस्त्री माझ्याबरोबर. वाटेत मी शेवटी बोलले. त्या इंजिनासाठी त्यांनी चार महिने घालवले आणि मी तोंडही दाखवलं नाही, याची मला लाज वाटते, असं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"एक वर्ष ठेवलंय," ते म्हणाले. "मग काढून एका डॉक्टरणीच्या गाडयेक बसवलंय. ती खेडोपाडी फिरा. बरा चल्ला." थोड्या वेळाने म्हणाले, "माका राग इल्लो. खोटा कित्या सांगू? इंजिनाचो नाय. पत्रिका तू दुसऱ्याच्या हातीन धाडलंस, तेचो."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि पुढचं वळण डावीकडे आहे, हे मला सांगितलं.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी फोन करत होते. पुढच्या हंगामात टायर कोणते घ्यायचे यावर आमचे वाद चालायचे. शिमगा होऊन आठवडा झाला असेल, सकाळी काकींचा फोन आला. मिस्त्री झोपेतच गेले होते. मी त्याच गाडीने निघाले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बारावं झालं, पाहुणे पांगले आणि मी निघायची तयारी करत होते. काकी पडवीत आल्या.

"तुज्या गाडयेक क्लच नाय ना?"

"नाही."

"हे सांगी होते. मग माका माळार घेऊन चल. माका शिकूचा आसा."

सत्तरीच्या जवळ आलेली बाई. त्यांनी पदर खोचला होता.

माळावर कोणी नव्हतं. त्या उजव्या बाजूला बसल्या. सीट पुढे, आणखी पुढे घेतली. मी गाडी सगळ्यात सौम्य चालीवर ठेवली आणि सांगितलं, "पाय ब्रेकवरून हळूच उचला, बाकी काही करू नका." चारशे घोडे पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघाले. काकींनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जसं कोणी ते हिसकावून नेणार आहे. अर्धा माळ झाला. त्यांचे खांदे जरा खाली आले.

"तुका शिकवूक सड्यार न्हेताना मी पडवीतसून बघी होतंय," त्या म्हणाल्या. "माका वाटा, आता माका विचारतीत. लग्नाक चाळीस वर्षां झाली. तेंनी विचारल्यानी नाय."

"तुम्ही विचारलंत का, काकी?"

"नाय." त्या समोरच बघत होत्या. "थय चूक माजी."

मिस्त्रींवर माझा जीव होता, अजून आहे. त्या क्षणी मात्र मला त्यांचा राग आला आणि ते मी काकींना सांगितलंही. काकी हसल्या. "माका पण येता," त्या म्हणाल्या. "अधीमधी."

माळाचं टोक जवळ येत होतं. पुढे कुंपण आणि त्यापलीकडे समुद्र. ब्रेक लावा असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकींनी पायाने वेगाच्या पेडलला हलकेच स्पर्श केला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी वळवली.